डांगरखेड्याची भिकी आणि लंडनची पोरं

॥ श्री ॥
निंबखेडे, ता. अमळनेर
महाशिवरात्रीचा दुसरा दिवस, १९९०

चि. कुंदा हिला मोठ्या मायचे पुष्कळ आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तू तिकडे धुळ्याला होस्टेलवर बरी असशील असं मी धरून चालते, कारण आपणहून कळवायची तुझी रीत नाही.

पत्र माझं मीच लिहिते आहे. दोन इयत्ता झाल्या तेवढ्यावर तुझ्या आजोबांना पत्रं लिहिली, मग नातीला लिहायला काय होतं? ओळी चढावर गेल्या तर मान वाकडी करून वाच.

तर झालं असं, संक्रांतीला आलीस तेव्हा तुझी एक कॅसेट टेपमध्येच राहिली. काल उपास होता. भगर खाऊन जरा आडवी झाले, म्हटलं भजन लावावं. दाबलं बटण. बाई गं! आधी वाटलं टेपनं फीत गिळली. मग वाटलं गोठ्यात म्हशीचं शिंग अडकलं. तुझी आई सुंदरबाई ओल्या हातानं धावत आली. शेजारची बेबाबाई कुंपणापलीकडून विचारते, कोणाला मारताय, मी येऊ का मदतीला? म्हटलं ये.

तुझी आई बंद कर म्हणत होती. मी केली नाही. दोन्ही बाजू ऐकल्या. त्या माणसाला गाता येत नाही हे पहिल्या गाण्यात कळलं. दुसऱ्या गाण्यात कळलं की हे त्यालाही ठाऊक आहे. तिसऱ्यात कळलं की त्याचं त्याला काहीच वाटत नाही, आणि मला असं हसू फुटलं की कवळी काढून ठेवावी लागली. इंग्रजी मला कळत नाही, पण शिव्या देतोय हे कळायला इंग्रजी कशाला लागतं? माणूस शिवी देताना श्वास कुठे घेतो त्यावरून ओळखू येतं. आणि ह्याची श्वासाची जागा चुकते. कच्चा आहे.

आता मला हे सांग, की हे लोक कोण, कोणावर चिडलेत, आणि त्यांना कोणी शिकवत कसं नाही? तू केस कापून आलीस आणि ओढणीला ओळीनं सेफ्टी पिना लावून आलीस, ते ह्यांचंच वेड का? तुझा बाप, नाना, दोन दिवस ताटावर धुसफुसत होता. मला पिनांचं काही नवल नाही. माझ्या बांगडीत लग्न झाल्यापासून पिना लटकतात, काटा काढायला, नाडी ओवायला, एसटीत कोणी अंगचटीला आलं तर टोचायला. लंडनपर्यंत ही अक्कल आता पोचली वाटतं.

हरभरा निघाला. पिवळ्या गाईला गोऱ्हा झाला. नाना सरपंच झाल्यापासून घरातसुद्धा खाकरून बोलतो. उत्तर धाड. आशीर्वाद आहेतच, ते वेगळे मागायला नकोत.

तुझी मोठी माय
ताईबाई


देवपूर, धुळे
५ मार्च १९९०

ती. मोठ्या मायच्या चरणी कुंदाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र जेवणघरात उघडलं आणि आमटी नाकात गेली. कॅसेट माझी नाही, खोलीतल्या इंदिराची आहे. तिचा भाऊ पुण्याला शिकतो, तो कुठून कुठून भरून आणतो. तिच्यावर भजन भरू नकोस, हात जोडते.

ह्याला पंक रॉक म्हणतात. त्याच्या आधी तिकडे मोठमोठे बँड होते. एकेक गाणं पाऊण पाऊण तास. मध्येच एकजण डोळे मिटून गिटार वाजवत बसणार, खालून धूर सोडणार, वरून रंगीत दिवे. ऐकणाऱ्यानं तिकीट काढून लांबून माना डोलवायच्या. पंधरा-एक वर्षांपूर्वी आधी न्यूयॉर्कच्या कळकट गुत्त्यांमध्ये आणि मग लंडनमध्ये काही पोरांना ह्याचा वीट आला. त्यांना काम मिळत नव्हतं. वाजवायलाही येत नव्हतं. त्यांनी ठरवलं की येत नाही ही काही अडचण नाही. तीन कॉर्ड, म्हणजे गिटारवर बोटं ठेवायच्या तीन जागा कळल्या की उभं राहायचं. दोन मिनिटांत गाणं संपवायचं. कपडे फाटले की पिना लावायच्या; पुढे पुढे तर पिना लावता याव्यात म्हणून कपडे फाडायचे.

राणीच्या राज्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून सगळा देश पताका लावत होता, तेव्हा ही पोरं राणीला नावं ठेवत होती. रेडिओनं त्यांची गाणी वाजवायची नाहीत असं ठरवलं, तशी ती जास्तच खपली. कोणी घरच्या घरी कात्री-डिंक घेऊन वर्तमानपत्रं काढली. पोरीही गिटार घेऊन उभ्या राहिल्या, कोणाला न विचारता. मला सगळ्यात हेच आवडतं. आणि गाणं पसंत पडलं की लोक गाणाऱ्यावर थुंकायचे. खरंच.

तुला हे आवडणार नाही हे माहीत आहे, पण तू दोन्ही बाजू ऐकल्यास हे मी आख्ख्या मजल्याला सांगितलं. नानांचा राग गेला का? आईला नमस्कार. लोभ आहे तसाच ठेव, माझे केस वाढेपर्यंत तरी.

तुझीच
कुंदा


॥ श्री ॥
निंबखेडे
धुळवडीनंतरचा शनिवार

चि. कुंदा हिला मोठ्या मायचे आशीर्वाद.

तुझं पत्र मी बेबाबाईला आणि तुझ्या आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. वाचून झालं. बेबाबाई म्हणते, बस, एवढंच?

अगं, एवढंच? ह्याचं त्यांनी एवढं नाव केलं? ह्याच्या कॅसेटी निघाल्या? गाता येत नसताना गाणं, फाटक्या लुगड्यानं उभं राहणं, समोरच्याला नावं ठेवणं, हे आमच्याकडे दर आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, होतं, आणि आम्ही कधी धूर सोडला नाही की तिकीट लावलं नाही. तीन जागा शिकाव्या लागतात म्हणे! आम्हाला एक पुरते, बेबाबाईच्या रॉकेलच्या रिकाम्या डब्याचं बूड.

तू लहान असताना आखाजीला झोक्यावरून उतरायची नाहीस, म्हणून नीट सांगते. लेकी माहेरी येतात, गौराई बसते, आणि ती बोळवायला नदीवर गेलं की पांझरेच्या अलीकडच्या काठाला आपण निंबखेड्याच्या बाया आणि पलीकडे डांगरखेड्याच्या. मधे उन्हाळ्याची वाळू आणि चार डबकी. मग बार सुरू, शिव्यांचा. ज्या काठावरून पहिला आवाज येईल त्यानं बार उघडला. पलीकडून शिवी आली की तिला उत्तर गेलंच पाहिजे. जे गाव गप्प झालं ते हरलं, आणि मग वर्षभर बाजारात खाली बघून चालायचं. पूर्वी ढेकळंही चालायची, आता फक्त तोंड.

पलीकडे भिकुबाई. माझी जन्माची वैरीण. माझ्यापेक्षा एका पावसाळ्यानं मोठी, आणि आवाज असा की कावळे उडतात. तुझ्या त्या लंडनवाल्याला तिच्यापुढे उभं करून बघ, तो पोस्टात नोकरी धरेल. मी नवी नवरी होऊन आले तेव्हा पहिल्याच बाराला मी तिला हाणलं होतं,

डांगरखेडानी भिकी, तिनी भाकर फिकी!

ती अजून विसरली नाही. पांझरा तुझ्या देवपुरातून वाहत आमच्याकडे येते ना, मग तुमच्या होस्टेलात भिकीचा आवाज उलटा कसा पोचला नाही कोण जाणे. फक्त थुंकायचं मला पटलं नाही. ज्याला शिवी सुचत नाही तो थुंकतो.

आता वाईट बातमी. तुझ्या नानानं ठरवलंय की यंदापासून बार बंद. बंद म्हणजे अगदी बंद नाही, ते तरी बरं झालं असतं. काठावर मांडव घालणार, त्यात स्टेज, भोंगे आणि तालुक्याचे साहेब. शाळेच्या पोरी एका रंगाच्या साड्या नेसून 'आखाजी लोककला दर्शन' करणार. शिव्या गावच्या तोताराम गुरुजींनी नव्या लिहिल्या आहेत. ऐक:

पैलतीरीच्या भगिनींनो, उशीर फार करता हो,
ऐलतीरी आम्ही सगळ्या वाट आपली बघतो हो!

ही शिवी! ह्यापेक्षा एसटीचा कंडक्टर जास्त बोलतो. आणि मला खुर्ची देणार आहेत. शाल, नारळ आणि खुर्ची. मी बसणार नाही, हे तुला आत्ताच सांगून ठेवते. बार गेला तर माझी आखाजी गेली, मग उरल्या नुसत्या सांजोऱ्या.

कवळी टोचते. जपून राहा. माझी माया तुला पुरून उरेल एवढी आहे.

मोठी माय


देवपूर
२४ मार्च १९९०

ती. मोठ्या मायला कुंदाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र इंदिराला वाचून दाखवलं. ती म्हणते, हा बार तिला बघायचाय, आणि तिच्या भावाला सगळ्या कॅसेटी घेऊन खाली मान घालून बसवायचंय.

पण स्टेजचं वाचून मला धडकीच भरली, कारण लंडनच्या पोरांचं अगदी हेच झालं. पुढची हकिकत सांगायची राहिली होती ना, ती ऐक. वर्ष-दोन वर्षांत मोठ्या दुकानांनी फाटके कपडे शिवून विकायला काढले. फाटलेले, मापात, इस्त्री केलेले. पिना सोन्याच्या. शिव्या धुऊन-पुसून जे उरलं त्याला न्यू वेव्ह असं नाव दिलं, आणि ते रेडिओवर लागायला लागलं. त्यात चांगलीही गाणी होती, मी खोटं बोलणार नाही, पण ती ऐकून कोणाची म्हैस दचकली नसती.

ज्यांना हे पटलं नाही त्यांनी आपापल्या वाटा धरल्या. जमैका बेटावरून आलेल्या काळ्या लोकांचं रेगे नावाचं संगीत पंकवाल्यांच्या अड्ड्यांवर आधीपासून वाजायचं. पुढे गोऱ्या-काळ्या पोरांनी मिळून स्का नावाचं उड्या मारायचं संगीत वाजवलं. अमेरिकेत काहींनी तेच पंक दुप्पट वेगानं वाजवलं, त्याला हार्डकोअर म्हणतात. गाणं एका मिनिटात खलास. त्यातल्या काहींनी दारू-सिगरेटही सोडली, अगदी माळकऱ्यासारखी. आणि काहीजण लांब कोट घालून, ओठ काळे करून, मरणाची गाणी हळूहळू म्हणायला लागले. ते तुला अजिबात आवडणार नाहीत.

मी नानांना पत्र टाकलं आहे. जरा तिखट झालं आहे. तू खुर्चीवर बसू नकोस. माझ्यावरची माया कमी करू नकोस, तिच्यावरच परीक्षा द्यायची आहे.

तुझी
कुंदा


निंबखेडे
दि. १ एप्रिल १९९०

चि. कुंदा हिस मोतीलालचे अनेक आशीर्वाद.

वि. लि. का. की तुझे पत्र मिळाले. वडिलांना 'दुकानदार' म्हणण्यासाठी मी तुला धुळ्यास ठेवलेले नाही. लंडनमध्ये कोणी काय केले याच्याशी ग्रामपंचायतीचा संबंध नाही.

तरीही एक गोष्ट तुला ठाऊक नाही ती कळवतो. मी अमळनेरला कॉलेजात असताना वर्गात डांगरखेड्याची काही मुले होती. सर येण्यापूर्वी ती बाकं बडवून एकच ओळ म्हणत:

ताईना मोती, फाटेल धोती!

ही भिकुबाईने बारात म्हटलेली. शहरातली मुलेही शिकली. त्या वर्षी माझे धोतर खरोखर फाटके होते. शेवटच्या वर्षी मी परीक्षेला बसलो नाही, त्याचे कारण घरात सगळ्यांना टायफॉइड वाटते. तुम्हाला ती मौज वाटते, कारण ती तुमच्यावर बेतलेली नाही. माझ्या गावच्या कोणा मुलावर ती पुन्हा येऊ नये एवढेच मी पाहतो आहे.

अभ्यास कर. केस वाढव. तुझे कल्याण असो.

तुझे वडील
मोतीलाल


॥ श्री ॥
निंबखेडे
हनुमान जयंती

चि. कुंदा हिला आशीर्वाद.

मी खुर्चीवर बसणार आहे. ओरडू नकोस, आधी वाच.

परवा मोती माझ्याजवळ येऊन बसला. खाकरला नाही. त्यानं ते धोतराचं आणि कॉलेजचं सांगितलं. तुलाही लिहिलंय म्हणाला. मला ठाऊकच नव्हतं गं. मी टायफॉइड समजून त्याला महिनाभर भाताची पेज पाजली. त्यानं हात जोडले, म्हणाला माय, एक वर्ष माझ्यासाठी खुर्चीवर बस. मी काय म्हणणार? बस म्हणालं लेकरू, बसते.

आणि बसले नाही तरी भांडू कोणाशी? पोस्टमन भटू दोन्ही गावांना टपाल देतो, तो सांगत होता की भिकुबाईच्या पोरांनी मोतीला शब्द दिलाय, म्हातारीला काठावर येऊ देणार नाही. हिवाळ्यात खोकल्यानं तिचा घसाही बसलाय म्हणे. तिच्याशिवाय डांगरखेडं म्हणजे नुसतं भाजीतलं डांगर.

तोताराम गुरुजी रोज येऊन मला नवीन कडवं ऐकवतात. कालच्या कडव्यात 'स्नेह' हा शब्द होता. शिवीत स्नेह! मी म्हटलं गुरुजी, ह्यापेक्षा तुम्ही त्यांना वाणसामान पाठवा. ते रुसून गेले, चहा मात्र पिऊन गेले.

तुझ्या त्या काळ्या ओठांच्या लोकांचं मला आता जरा समजतं. त्यांची एखादी कॅसेट असेल तर धाड. आणि एक विचारते. तुझ्या लंडनच्या पोरांपुढे कोणीच उत्तर द्यायला उरलं नाही, तेव्हा ती काय करायची?

माया आहेच. अंगात जोर नाही, म्हणून पत्र आखूड.

मोठी माय


देवपूर
२० एप्रिल १९९०

ती. मोठ्या मायला सा. न. वि. वि.

परीक्षा सुरू आहे म्हणून कार्ड. आखाजीला येता येणार नाही, दुसऱ्याच दिवशी पेपर आहे. रडून झालं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर इंदिरालाही आलं नाही. एवढंच माहीत आहे की त्यांना बोलवत कोणीच नव्हतं. त्यांची गाणी बंद केली, जागा बंद केल्या, तरी कुठे ना कुठे एकजण उभा राहायचा, तो खरखरीत आवाजातच. नाना वाईट नाहीत, हे मला आता कळतं. पण तूही वाईट नाहीस. सगळं सविस्तर कळव, अगदी सांजोरीतल्या साखरेसकट. माया पोस्टानं धाड.

कुंदा


॥ श्री ॥
निंबखेडे
आखाजीचा दुसरा दिवस

चि. कुंदा, माझी सोन्याची, हिला मोठ्या मायचे बठ्ठे, सगळेच्या सगळे आशीर्वाद, आज मोजून देत नाही.

माझा आवाज पूर्ण गेला आहे. म्हणून पेन धरलंय, नाहीतर धुळ्यापर्यंत ओरडूनच सांगितलं असतं.

सकाळी पितरांची घागर भरली, आमरस, खापरावरच्या पुरणपोळ्या, सांजोऱ्या, सगळं रीतसर. उन्हं कलल्यावर मला मांडवात नेलं. शाल घातली. ह्या उन्हाळ्यात शाल! नारळ मांडीवर दिला. शेजारी साहेब, त्यांच्या शेजारी मोती, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या धोतरात. मागे आपल्या गावच्या सगळ्या लेकी-सुना सतरंजीवर गुमान बसलेल्या, जशा काही दवाखान्यात नंबर लावून. पलीकडच्या काठावर कुत्रंही नाही.

आता तुझ्या नानाची करामत ऐक. साहेबांच्या कानाला त्रास नको म्हणून त्यानं दोन्ही भोंग्यांची तोंडं नदीकडे फिरवून घेतली होती! बाराचं सगळं विसरला, शिकलेला माणूस. शाळेच्या पोरींनी सुरू केलं, पैलतीरीच्या भगिनींनो, उशीर फार करता हो, वाट आपली बघतो हो. आणि ते सगळंच्या सगळं डांगरखेड्यावर जाऊन आदळलं. आपल्या काठावरून पहिला आवाज गेला की नाही? बार आपण उघडला की नाही? वर वाट बघतो म्हणून आवतण!

मी डोळे मिटून बसले होते. दुसरं कडवं संपलं, पोरी श्वास घेत होत्या, आणि पलीकडून आवाज आला. एकच. फाटका, खरखरीत, तुझ्या कॅसेटीवरच्यासारखा, पण श्वासाची जागा बरोबर. मी डोळे उघडले तर पलीकडच्या काठावर भिकुबाई एकटी, हातात काठी, आणि मागून तिची दोन पोरं तिला धरायला धावताहेत.

निंबखेडानी ताई, घरमा इचारस कोन्ही नई!

कुंदा, माझ्या अंगावर शाल होती, मांडीवर नारळ होता, आणि शिवी अशी खरी होती की मला हलता येईना. मला घरात कोणी विचारलं होतं का? नव्हतं. मी मोतीला शब्द दिला होता. वाटलं संपलं, निंबखेडं गप्प झालं.

तेवढ्यात मागून कोणीतरी उठलं. तुझी आई! जी सुंदरबाई इतक्या वर्षांत बाराला आली की मागे उभी राहून नुसता पदर चावायची, ती. शिवी माझ्या नावाची असली तरी घर तिचं ना. तिच्या घरात सासूला कोणी विचारत नाही, असं आख्ख्या नदीनं ऐकलं, हे तिला कसं खपेल? ती तरातरा स्टेजवर चढली, पोरींना बाजूला केलं, आणि त्या चालू माइकमध्ये ओरडली, डांगरखेडानी भिकी, तिनी भाकर फिकी! भोंग्यातून गं! पिंपळावरचे बगळे उडाले. साहेबांच्या हातातली सांजोरी पडली.

मग कोण थांबतंय? बेबाबाईनं सतरंजीखालून डबा काढला. लपवून आणला होता सटवीनं. सगळ्या बाया वाळूत. मी नारळ साहेबांच्या मांडीवर ठेवला आणि शाल खुर्चीवर टाकली. तिकडून डांगरखेड्याच्या बाया घराघरातून पळत येत होत्या, कोणाच्या हाताला पीठ, कोणाच्या कडेवर लेकरू.

माझी धाकधूक एकच, की भिकी आता ती ओळ काढणार. आणि तिनं काढलीच. ताईना मोती, फाटेल धोती! सगळं डांगरखेडं मागून म्हणायला लागलं. मी मागे वळून बघायलाही धजले नाही.

तर कानाशी कोणीतरी खाकरलं. तो वाळूत उतरला होता, इस्त्रीचं धोतर डबक्यात भिजलेलं. माझ्या कानात त्यानं एक ओळ सांगितली. म्हणाला कॉलेजातल्या बाकावर बसून जुळवली होती, तेव्हापासून तोंडातच राहिली, म्हणायला जागा मिळाली नाही. मी ती घेतली आणि दिली सोडून:

भिकी शिवाले बसनी, तिले सुई नई गवसनी!

आणि बांगडीतली पिन काढून उंच धरली. सुई नसली तर ही घे म्हणून. कुंदा, दोन्ही काठ हसले. भिकी काठीवर वाकून वाकून हसत होती. मी मोतीकडे बघितलं. तो साहेबांकडे बघत नव्हता.

दिवस बुडेपर्यंत दोन्हीपैकी कोणी गप्प झालं नाही. हरलं फक्त गुरुजींचं तिसरं कडवं. साहेब जाताना म्हणाले की असा कार्यक्रम त्यांच्या नोकरीत झाला नव्हता. मोतीनं त्यांना विचारलं नाही की चांगला की वाईट.

तुझ्या लंडनच्या पोरांना कळव, की वेग ठीक आहे, पण शिवी द्यायची तर समोर कोणीतरी ओळखीचं पाहिजे. राणी त्यांना काय उत्तर देणार? बिचारी पोरं एकटीच ओरडत बसली, म्हणून दुकानात गेली.

पेपर चांगले लिही. केस वाढव किंवा नको वाढवू, नाना आता विचारत नाही. माया एवढी झाली आहे की पाकिटात बसत नाही.

तुझी मोठी माय


डांगरखेडे
(अक्षर पोस्टमन भटूचे, बोलणे भिकुबाईचे)

ताईबाई निंबखेडेकरीण हिला भिकुबाईचा नमस्कार नाही.

तुझी पिन वाळूत सापडली. गंजकी होती. परत देणार नाही. सुईची ओळ तुझी नव्हे हे मी लगेच ओळखलं, तुझी अक्कल मला माहीत आहे. ज्यानं जुळवली त्याला सांग, धोतराची ओळ मी आता सोडली, फिटली. तुझ्या सुनेचा आवाज बरा आहे, पुढल्या वर्षी तिच्यासाठी वेगळी तयारी करते. (इथले दोन शब्द मी गाळले आहेत. – भटू)

ते लंडनचे कोण, पिना लावून हिंडतात म्हणे, त्यांना आखाजीला बोलाव. त्यांनाही दोन ठेवून देते. माझा घसा बरा आहे. तुझा गेला म्हणून ऐकलं, गूळ आणि सुंठ घे, मेलीस तर मी बोलू कोणाशी?

कळावे. लोभ कमी केलास तरी चालेल, शिव्या कमी करू नको.

भिकुबाई